अठरा मीटरचा प्रवास

वाचकहो, आज मी आपल्याला फार लांब नेणार नाही. तिकीट काढायचे नाही, आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरून घ्यायचा नाही, थर्मासात कोमट पाणीसुद्धा नको. मुंबईत दादर पश्चिमेला समुद्राकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी आपण उभे राहू आणि समोरच्या पदपथावर जाऊ, एवढाच बेत आहे. मध्ये फक्त एक रस्ता आहे. त्याचे अधिकृत नाव स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग. माझ्या आईच्या पिढीच्या तोंडी तो अजूनही कॅडल रोडच. पलीकडे शिवाजी पार्क. आमच्या गल्लीसमोर हा रस्ता मी पावलांनी मोजला, तेव्हा तो सुमारे १८ मीटर भरला. माझ्या ८२ वर्षांच्या आईला हा प्रवास गेली दोन वर्षे जमलेला नाही.

शिवाजी पार्कची ओळख आपणांपैकी अनेकांना करून द्यावी लागणार नाही. १९२५ साली माहीम पार्क या नावाने हे मैदान लोकांसाठी खुले झाले आणि दोनच वर्षांनी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे, त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सभांसाठी आणि क्रिकेटसाठी ते गाजले, हे खरे. पण माझ्यासारख्या, घरात वृद्ध माणूस असलेल्या बाईला विचाराल तर या मैदानाचे खरे वैभव म्हणजे त्याच्या भोवतीचा कट्टा. त्याचा घेर १.१७ किलोमीटर आहे. बसायला उंचीने बेताचा, उठताना हात टेकायला सोयीचा, झाडांच्या सावलीतला. एक फेरी म्हणजे एक किलोमीटर आणि वर थोडे पुण्य, असे आमचे तळमजल्यावरचे आप्पा म्हणत. सकाळी साडेसहाला कोणी झपझप चालत असते, कोणी श्वास घ्यायला थांबलेले असते, कोणी चालण्याच्या निमित्ताने फक्त बसायला आलेले असते. रक्तातली साखर, सुनेचे कौतुक, मुलाची तक्रार, पेन्शनची तारीख, मोतीबिंदूचे कोणते भिंग घातले, या सगळ्याची देवघेव त्या दगडावर होते. डॉक्टर कागदावर लिहून देतात ते ‘रोज अर्धा तास चालणे आणि माणसांत मिसळणे’ इथे एकाच ठिकाणी, विनामूल्य मिळते.

आई या गल्लीत लग्न होऊन आली ती १९६४ साली. तेव्हापासून तिची पहाट पलीकडच्या कट्ट्यावर जात असे. आधी बाबांबरोबर, मग आम्हा मुलांना शाळेत सोडून परतताना, आणि बाबा गेल्यावर एकटी. कट्ट्यावर तिची एक मैत्रीण होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती मैदानाच्या दुसऱ्या बाजूला राहायची. दोघी उद्यान गणेशाचे दर्शन घेऊन ठरलेल्या झाडाखाली बसत. पाऊस असला की छत्री घेऊन बसत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आईने जाणे थांबवले. गुडघे दुखतात, म्हणाली. आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो, क्ष-किरण काढले, फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आई मन लावून करायची, दिवाणखान्यात चालायची, जिनासुद्धा चढून दाखवायची. पण बाहेर चला म्हटले की गुडघे दुखायचे. तिला नैराश्य तर नाही ना, असेही माझ्या मनात येऊन गेले. खरी गोष्ट कळायला पाच महिने लागले, तीही योगायोगाने. एके दिवशी वाण्याच्या पोऱ्याने मला विचारले, “आजींच्या काठीला पुन्हा रबर बसवलं का?” मला काहीच ठाऊक नव्हते. रस्त्याच्या मध्यावर असताना एका स्कूटरचा धक्का आईच्या काठीला बसला होता. काठी हातातून उडाली. आई पडली नाही, कोणाला लागले नाही, स्कूटरवाला थांबलाही नाही. त्या पोऱ्याने काठी उचलून दिली आणि तिला हाताला धरून परत अलीकडे आणले. घरी येऊन तिने आम्हाला चहा करून दिला आणि गुडघे दुखतात म्हणून सांगितले.

का लपवले, असे मी विचारले. “सांगितलं असतं तर तुम्ही जाऊच दिलं नसतं,” ती म्हणाली. म्हणजे आम्ही बंदी घालू नये म्हणून तिने ती स्वतःच घालून घेतली होती. ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. चालायला जाणारे माणूस अचानक जायचे थांबले, तर सांध्यांची चौकशी जरूर करा. पण एकदा त्यांच्याबरोबर त्यांच्या वाटेने जाऊन ती वाटही पाहा.

आता आपण घरातलाच एक छोटा प्रयोग करू. आपल्या घरातल्या लांब व्हरांड्यात किंवा दिवाणखान्यात फरशीवर खडूने दोन रेघा आखा, एकमेकींपासून बरोबर ४ मीटर अंतरावर. पहिल्या रेघेच्या मीटरभर मागून चालायला सुरुवात करा, नेहमीच्या चालीने, काठी लागत असेल तर काठी घेऊन. दुसऱ्या रेघेनंतरही दोन पावले पुढे जा. रेघेवर थबकू नका. नातवाला मोबाइलवर पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचे सेकंद मोजू द्या. कोणीतरी शेजारी असू द्या. मग ४ ला त्या सेकंदांनी भागा. आलेला आकडा म्हणजे आपला चालण्याचा वेग. वार्धक्यशास्त्रात या आकड्याला आता मान आहे. रक्तदाब किंवा नाडीप्रमाणे तोही एकंदर प्रकृतीविषयी बरेच सांगून जातो. सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग भरला, तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत ते अवश्य सांगावे. स्नायूंची ताकद, पायांतील संवेदना, चालू असलेली औषधे, यांपैकी कशाकडे लक्ष द्यायला हवे ते डॉक्टर तपासतील.

आईला ४ मीटरला साडेसहा सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर.

रस्ते आणि सिग्नल आखणारे अभियंते पादचाऱ्याचा वेग बहुधा सेकंदाला १.२ मीटर धरतात. तरुण, निरोगी, हातात पिशवी नसलेल्या माणसाचा हा वेग आहे. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या चालीचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला होता. म्हणजे रस्ता ज्याच्यासाठी आखलेला असतो तो माणूस आणि तो रस्ता ओलांडणारी आजी यांची गाठ तिथेही पडत नाही.

आमच्या १८ मीटरचा हिशेब मांडू. अभियंत्यांच्या पादचाऱ्याला १५ सेकंद. आईला २९. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी मोटार २९ सेकंदांत सव्वातीनशे मीटर अंतर कापते. म्हणजे आईने निश्चिंत मनाने पाऊल टाकायचे तर दोन्ही दिशांना सव्वातीनशे मीटर रस्ता रिकामा हवा; शिवाजी पार्कच्या संपूर्ण घेराच्या पाव हिश्श्याहून जास्त. कॅडल रोडवर सकाळी सात वाजल्यानंतर असा रिकामा रस्ता दिसणे म्हणजे श्रावणात चातक दिसावा तसे. एका बाजूला माहीम, दुसऱ्या बाजूला प्रभादेवी; बेस्टच्या बसगाड्या, शाळेच्या गाड्या, टॅक्सी, आणि दहा मिनिटांत वस्तू पोहोचवण्याचे वचन दिलेली मुले. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांचेही सेकंद कोणीतरी मोजत असते.

“सिग्नल आहे की!” असे आपण म्हणाल. आहे. एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि त्यांच्याविषयी आम्हा दादरकरांना अभिमानही आहे. २०२० साली याच रस्त्यावरच्या पादचारी सिग्नलांत पुरुषाकृतीच्या जागी स्त्रीची आकृती आली. देशात असे प्रथमच घडले आणि त्याची बातमी सर्वदूर गेली. आईला ती फार आवडली. मात्र हिरव्या दिव्यातल्या त्या फ्रॉकवाल्या मुलीकडे पाहून ती म्हणाली, “हिचे गुडघे बरे दिसतात.” आमच्या गल्लीपासून त्या सिग्नलापर्यंत जायला आईला साडेपाच मिनिटे लागतात, पलीकडून उलट यायला तितकीच. वाटेत पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात, झाडाच्या मुळांनी फरशा उचललेल्या असतात. कट्ट्यावर पोहोचण्याआधीच तिची चालण्याची शक्ती संपते. ज्याला हे अकरा मिनिटांचे वळण किरकोळ वाटते त्याने पायांना दोन-दोन किलोची वाळूची पिशवी बांधून एकदा जाऊन यावे. मी गंमत करत नाही. फिजिओथेरपिस्टकडच्या पिशव्या बांधून मी स्वतः गेले होते.

शिवाय केवळ पायांचा प्रश्न असता तर तो सोपा होता. वृद्ध माणूस रस्ता ओलांडताना बहुधा खाली, स्वतःच्या पावलांकडे पाहतो, कारण पडण्याची भीती वाहनाच्या भीतीहून जवळची असते. येणारी गाडी किती लांब आहे यावरून तो निर्णय घेतो. ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला तितकासा येत नाही. काचबिंदू असेल तर बाजूचे दिसत नाही. मानेचा त्रास असेल तर डावीकडे-उजवीकडे झटकन वळता येत नाही, आणि वळलेच तर गरगरते. श्रवणयंत्रातून आवाज येतो, पण तो कोणत्या दिशेने आला ते नेमके उमजत नाही. त्यात आता विजेवर चालणाऱ्या गाड्या बिनआवाजाच्या. सकाळी रक्तदाबाची आणि लघवी साफ होण्याची गोळी घेतलेली असेल, तर कडेला दहा मिनिटे ताटकळत उभे राहणे हीसुद्धा एक शिक्षाच असते. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झालेल्या माणसाला पदपथाची कड कोठे संपते हे पायाला कळत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. इतकी सगळी कामे एकाच वेळी करायची आणि वर २९ सेकंद!

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. हे आकडे भयंकर आहेतच. पण जी माणसे रस्त्यावर उतरतच नाहीत, त्यांची नोंद कोठल्याही अहवालात होत नाही. आईला अपघात झाला नाही. सरकारी दृष्टीने आमचा रस्ता तिच्यापुरता सुरक्षित आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात मावशी गेली. त्या आधीचे दहा-अकरा महिने दोघींची भेट नव्हती. फोन होत, पण मावशीला ऐकू कमी यायचे, त्यामुळे “जेवलीस का” आणि “जेवले” यापलीकडे बोलणे जात नसे. मावशीलाही तिचा मुलगा एकटीला सोडत नसे, आणि आम्ही मुले कामांत. बाराव्याला आईला न्यायचे म्हणून मी टॅक्सी बोलावली. टॅक्सी सिग्नलपर्यंत गेली, वळली, मैदानाला वळसा घालून मावशीच्या दारात थांबली. वाटेत आमच्या गल्लीच्या समोरून, पलीकडच्या बाजूने, कट्ट्याला लागून आम्ही गेलो. आईने काचेतून ते झाड पाहिले. काही बोलली नाही. परतल्यावर मात्र म्हणाली, “टॅक्सी करून रस्ता ओलांडला ग मी आज.”

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या एका नगररचनाकाराने १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना साधा प्रश्न विचारला होता, की या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या माणसाला सरासरी तीन मित्र होते. मोठ्या रहदारीच्या रस्त्यावरच्या माणसाला एकही पुरता नव्हता, ०.९ होता. मी हे मावशी गेल्यानंतर वाचले. वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

तेव्हा आता माझ्या मागणीकडे येते. आमच्या गल्लीच्या तोंडासमोर, दोन सिग्नलांच्या मध्ये, पादचाऱ्यांसाठी नवे ओलांडपट्टे हवेत, ज्यांना आपण झेब्रा क्रॉसिंग म्हणतो. पण नुसते पांढरे पट्टे मारून भागणार नाही. दोन पावसाळ्यांत ते पुसले जातात आणि वाहनचालकांच्या मनातून त्याहून लवकर. रस्त्याच्या मध्यभागी थांबायला एक सुरक्षित ओटा हवा. आज मध्ये काठी टेकून निश्चिंत उभे राहता येईल अशी जागा नाही. हा ओटा एवढा रुंद असावा की चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारे माणूस दोघेही त्यात मावतील. एवढ्या एका ओट्याने काय होते ते पाहा. १८ मीटरचे दोन तुकडे होतात, नऊ-नऊ मीटरचे. आईला एका वेळी पंधरा सेकंद पुरतात आणि रस्ता एकाच दिशेने, तोही जेमतेम १६० मीटर, रिकामा असावा लागतो. असा रस्ता मात्र या वाहतुकीतही मिनिटा-दोन मिनिटांनी मिळतो; मी वही घेऊन मोजले आहे. आईचा वेग तोच, वाहने तीच, आणि तरी अशक्य ते शक्य होते.

ओट्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे पट्टे रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच, पदपथाच्या उंचीवर बांधलेले हवेत. मग उतरायची आणि चढायची पायरीच राहत नाही आणि गाडीवाल्याला वेग आपोआप कमी करावा लागतो. दोन्ही कडांना अंधांसाठी उंचवट्याच्या फरशा हव्यात. रात्री उजेड हवा. आणि अलीकडच्या बाजूला एक बाक हवा. ही शेवटची सूचना आईची. कोणत्याही आराखड्यात ती मला सापडली नाही, पण मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते; ओलांडण्याआधी माणसाने बसून दम घ्यावा, चष्मा पुसावा, मग उठावे आणि उठल्यावर चक्कर येत नाही ना हे पाहून पाऊल टाकावे.

या मागणीला विरोध होणार, हे मी धरून चालले आहे, आणि तो सगळाच चुकीचा नाही. आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ म्हणाले, की आधीच दोन सिग्नल, त्यात तिसरा अडथळा. रुग्णवाहिका अडकली तर? या प्रश्नाची थट्टा करता येत नाही, कारण रुग्णवाहिकेत उद्या आपलेच कोणी असेल. म्हणूनच मी नवा सिग्नल मागत नाही. रुग्णवाहिका आली तर ओट्यावरचा माणूस दहा सेकंद थांबेल. त्याला थांबायला जागा असेल, एवढाच फरक. दुसरे म्हणणे पादचारी पुलाचे. पूल बांधा, खाली वाहने, वर माणसे, कटकट मिटली. मुंबईत पुलांचा आणि स्कायवॉकांचा अनुभव आपण घेतला आहे. वाहनांसाठी खाली साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवायची म्हटले तर पंधरा सेंटीमीटरच्या छत्तीस-सदतीस पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. उद्वाहक बसवतात, तो चालू किती दिवस राहतो हे आपण जाणताच. गुडघ्याच्या माणसाला पुलाचा पर्याय देणे म्हणजे करकोच्याने कोल्ह्याला सुरईत खीर वाढणे.

कायद्याची बाजू दुबळी नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या ओलांडपट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे हे वाहनचालकाचे कर्तव्य आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा वापर हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. सिंगापूरने २००९ पासून काही सिग्नलांवर अशी सोय केली, की ज्येष्ठ नागरिकाने आपले कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवले की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. आपल्या दोन सिग्नलांवर एवढे झाले तरी पुष्कळ, पण आज त्याची मागणी करून मुख्य मागणी पातळ करायची नाही, असे आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळींनी ठरवले. मला ते पटले.

आणि एक कबुली. मी स्वतः गाडी चालवते. आईची काठी उडाली त्यानंतरच्या महिन्यातही, पट्ट्यांवर उभ्या असलेल्या एका आजोबांसाठी मी थांबले नव्हते. मागचा हॉर्न वाजवत होता. आरशात ते आजोबा लहान होत गेलेले मला दिसले. त्यामुळे वाहनचालकांना दूषणे द्यायला मी या लेखात जागा ठेवलेली नाही.

पट्टे होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या माणसाला पलीकडे न्यायचे तर काही गोष्टी मी फिजिओथेरपिस्टकडून आणि चुकत-माकत शिकले, त्या सांगते. त्यांचा हात आपण धरायचा नाही. आपला दंड त्यांना धरू द्यायचा. हात ओढला की तोल जातो, दंड धरला की तो सावरतो. वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला आपण राहायचे. म्हणजे पहिल्या अर्ध्या रस्त्यात त्यांच्या उजवीकडे, आणि दुसऱ्या अर्ध्यात डावीकडे. मध्ये थांबायला सुरक्षित जागा असेल तरच बाजू बदलायची. नसेल तर ती जागा टाळून सिग्नलच गाठावा. ओलांडताना बोलायचे नाही, अगदी “सावकाश हं” सुद्धा नाही, कारण उत्तर देण्यासाठी ते थांबतात. हिरवा दिवा आधीपासून चालू असेल तर पाऊल टाकायचे नाही, पुढच्याची वाट पाहायची. पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेले पादत्राण हवे. आणि पहाटेच्या अंधारात फिकट रंगाचे लुगडे, सदरा किंवा शाल असावी. काळ्या शालीतले माणूस दिव्यांच्या झगमगाटात दिसतच नाही.

वर्षातून एक दिवस असा येतो की यातले काहीच लागत नाही. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि कॅडल रोड वाहनांसाठी बंद होतो. गेल्या ६ डिसेंबरला पहाटे, गर्दी वाढायच्या आत, मी आईला खाली आणले. रस्ताभर माणसे होती. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी माणसे, आईहून थकलेली. सगळी चालत होती आणि कोणालाही कोणाची भीती नव्हती. आई गल्लीच्या तोंडाशी थांबली. सवयीने तिने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि निघाली. मध्यावर, काठी उडाली होती साधारण त्या जागी, ती उभी राहिली. विदर्भातून आलेल्या एका बाईंनी तिला विचारले, “माय, पाणी पायजे का?” आई नको म्हणाली आणि हसली. मी सेकंद मोजले नाहीत.

आम्ही ४१ जणांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात दिला आहे आणि त्याची प्रत वाहतूक पोलिसांना. रस्ता एकाचा, रहदारी दुसऱ्याची, म्हणून दोन्हीकडे जावे लागते. आपल्या गावात, आपल्या रस्त्यासाठी असा अर्ज करणार असाल तर हे लक्षात असू द्या. अर्जासोबत आम्ही सलग सात दिवसांची नोंद जोडली: सकाळी सात ते आठ या वेळात किती माणसे तिथे ओलांडतात, त्यांत काठीवाली किती, कडेपर्यंत येऊन परत फिरणारी किती. हा शेवटचा रकाना आप्पांनी सुचवला आणि तोच सर्वांत लवकर भरला. नोंद ठेवायला ज्येष्ठ मंडळींनीच पाळ्या लावल्या होत्या. आईची पाळी गॅलरीतून होती. तिथून तिला सगळे नीट दिसते.

मागच्या पंधरवड्यात दोन तरुण अभियंते येऊन फिता लावून मोजून गेले. त्यांचे माप १७.६ मीटर आले. माझ्या पावलांनी मी आईला चाळीस सेंटीमीटर जास्त चालवत होते. फार काही बोलले नाहीत ते. बाकाचा मुद्दा त्यांनी लिहून घेतला, एवढे मी पाहिले.

आमच्या व्हरांड्यातल्या खडूच्या रेघा अजून आहेत. मोलकरणीला त्या पुसू नकोस असे सांगून ठेवले आहे. दर रविवारी नातू सेकंद मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. साडेसहावर सुरू झालेला आकडा उन्हाळ्यात सहावर आला, मध्ये आजारपणात पुन्हा सातवर गेला. परवाच्या रविवारी ५.८ आले. आईने चष्मा लावून कॅलेंडर पाहिले आणि मला विचारले, “त्यांना कळवायचं का, की मला आता इतकेच लागतात म्हणून?”